तिसरा ठिपका

मंगळवारी दुपारी चहाच्या टेबलावर मायलेकींचं क्रियापदांवरून वाजलं.

आई संग्रहालयाच्या कीटक विभागात मदतनीस होती. बत्तीस वर्षं तिनं दुसऱ्यांनी शोधलेल्या पतंगांना टाचण्या टोचल्या. निवृत्तीनंतर मात्र तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर एक नवी जात लिहायला घेतली होती. पतंग कसला, पंख मिटले की तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिनं आईचं टिपण मोठ्या हौसेनं तपासलं आणि ओळीओळीला क्रियापद जोडून दिलं.

"हे काय करून ठेवलंस?" आई चष्म्यावरून बघत म्हणाली. "पंख राखाडी आहे, झालर पिवळसर आहे, पाय आखूड आहेत. अगं, नाहीत असं कोण म्हणतंय?"

"वाक्य पुरं व्हायला नको?"

"पतंगाचं वर्णन आहे, कादंबरी नाही. इथं सगळे क्रियापदाशिवायच लिहितात."

"मग मला कशाला दिलंस तपासायला?"

"शुद्धलेखनासाठी, महामाये!"

दोघींना हसू आवरेना. आईनं एकेक 'आहे' रबरानं खोडून काढला, कागद पाकिटात घातले आणि जाता जाता टपालात टाक म्हणून लेकीच्या हातात दिले. दारातून लेक "उद्या येते गं" म्हणाली. आईचं लक्ष नव्हतं. ती टेबलावरचा रबराचा चुरा फुंकत होती.

बुधवारी सकाळी आईचं हृदय बंद पडलं. शेजारणीचा फोन आला तेव्हा लेक कुणाच्या तरी प्रस्तावनेतले स्वल्पविराम मोजून-मापून लावत होती.

दोन महिन्यांनी, टिपण पाठवलं होतं त्या नियतकालिकाचं पत्र आलं. लेख तपासणाऱ्या परीक्षकाच्या मते, सोबतचा फोटो पाहता, जात नवी नव्हतीच. सगळी भिस्त होती पंखावरच्या तिसऱ्या चंदेरी ठिपक्यावर, आणि तो ठिपका नसून, पंख घासला गेल्यामुळे खवले झडून उघडी पडलेली जागा होती. ठिपका वगळला तर उरत होती ती जुनी, सर्वांच्या ओळखीची जात. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर लेख परत. पत्र नम्र होतं, नेमकं होतं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. याचाच लेकीला जास्त राग आला. आईच्या नावावर आयुष्यात एकच गोष्ट लागायची होती, आणि तीही निसटत होती.

ती पत्र घेऊन थेट संग्रहालयात गेली. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारे काका आईचे पहिल्या दिवसापासूनचे सहकारी. त्यांनी पत्र वाचलं आणि पेटी काढून दिली. काचेखाली केसाएवढ्या टाचण्यांवर पंधरा पतंग. एकाखाली लाल चिठ्ठी. हा मूळ नमुना. पुढे जगात कुणालाही शंका आली, तर ताडून बघायचं ते याच्याशी.

"फोटो याचाच पाठवला होता?"

"याचाच. सगळ्यांत खराब. मी म्हटलं होतं बाईंना, चौदा ताजे आहेत, त्यातला एक घ्या. ऐकतील त्या कसल्या!"

"पण का?"

काकांनी भिंग पुढे केलं. "खालची पांढरी चिठ्ठी वाच."

मुंगीएवढ्या अक्षरात सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. स्थळ, बैठकीच्या खोलीची खिडकी. आणि तो कुणाला सापडला त्या ओळीत तिचं स्वतःचं नाव. मग तिला आठवलं. "तुझं एक पिल्लू माझ्या खिडकीत आलंय, घेऊन जा बाई," असं तिनंच फोनवर चिडवलं होतं. पेल्याखाली धरताना त्याला तिचं बोट घासलं होतं.

"बाकीचे चौदा शोधत त्या सहा वर्षं झाडांच्या साली न्याहाळत हिंडल्या," काका म्हणाले.

"काका, लाल चिठ्ठी बदलता येते?"

"छापून येईपर्यंत येते. पण बाईंनी लावलेली मी नाही काढायचो. तू लेक आहेस. तू काढ."

तिनं एक ताजा पतंग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी नुसतं राखाडी धुकं दिसलं.

"घाई नको. दिवा तिरका कर."

दिवा तिरका केला आणि पंख उजळला. कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले, प्रत्येकावर बारीक रेघा. आणि तिसरा ठिपका. मोकळी जागा कुठली, तिथं खवले उभे होते, चंदेरी, टोकाशी तांबूस. तिनं ते मोजले. एकोणीस. दुसऱ्या पतंगात वीस. तिनं चौदाही पाहिले. चौदाही तसेच. मग आईची ओळ काढली. 'तिसरा ठिपका उभ्या खवल्यांचा, मध्ये किंचित खोल, कडा तांबूस.' इतकी वर्षं इतकी पुस्तकं वाचून तिला यात एक शब्द घालता आला नसता की काढता आला नसता.

शेवटी तिनं आपला, घासलेला पतंग ठेवला. जागा खरंच उघडी होती. परीक्षक खोटं बोलत नव्हता. पण कडेला, नीट बघितलं तर, दोन खवले अजून उभे होते. फक्त दोन. तेवढ्यावरून आईनं ओळखलं होतं की इथं काहीतरी होतं, आणि ती शोधायला निघाली होती.

तिनं चिमट्यानं लाल चिठ्ठी काढून सर्वांत ताज्या पतंगाखाली टोचली. पंखाला धक्का लागला नाही. आपल्या पतंगाची पांढरी चिठ्ठी तिनं तशीच राहू दिली. मग उत्तर लिहिलं. मूळ नमुना बदलला, चौदाही पतंगांत ठिपका उभ्या खवल्यांचा, नवे फोटो सोबत. काकांनी वाचून मान हलवली आणि पेटी बंद करायला घेतली.

"थांबा जरा," ती म्हणाली. शेजारच्या, आईच्या रिकाम्या स्टुलाकडे ती वळली आणि काका ऐकताहेत याची पर्वा न करता मोठ्यानं म्हणाली, "आई, लहानपणी मी इथं यायचे तेव्हा तू या पतंगांवर वाकून बसलीस ना, की माझ्या मांडीवरचं पुस्तक नुसतं उघडं असायचं. मी तुलाच बघत बसायचे."