एक लांब, दोन तोकड्या

"काका, डावं बटण. डावंच. उजव्याला बोटसुद्धा लावू नका."

"कितींदा सांगतीस, पोरी?" चनबसप्पाकाकांनी चष्मा कपाळावर सारला. "तुज्या बापाच्या इंजिनावर पंधरा वरसं कोळसा मारलाय मी. एक बटण दाबता येत न्हाय व्हय मला?"

टेबलावर हातभर लांबीचं काळं इंजिन होतं. कुर्डुवाडीच्या छोट्या लाइनीवर बुद्धप्रियाच्या वडिलांनी, यशवंतरावांनी जे चालवलं, त्याचंच हे पत्र्याचं पिल्लू त्यांनी निवृत्तीनंतर घडवलं होतं. पुढचा दिवा बसवायचा राहिला होता, आणि शिट्टी. दवाखान्यात जायच्या आधी, धाप लागत असताना त्यांनी ती तोंडानंच काढून काड्यापेटीएवढ्या सर्किटात भरली होती. डावं बटण दाबलं की ऐकू येई. उजवं दाबून धरलं की लाल ठिपका पेटे, जुनं पुसून नवं भरलं जाई. मग स्पीकरची तार तुटली. ती डागायच्या आत वडील गेले.

संध्याकाळी वडिलांचं पुण्यानुमोदन होतं. त्याआधी आईला ती शिट्टी ऐकवायची, एवढंच बुद्धप्रियाने ठरवलं होतं. वाजली की लगेच उतरवून घ्यायला फोन हातात धरून ती उभी होती.

काकांनी सर्किट उचलून तार डागली. डाग नेमका बसला. मग दिव्याची जोडणी केली, आणि इंजिनाच्या कपाळावर पिवळा उजेड आला.

"बघ! तुजा बाप जन्मभर म्हणायचा, चन्या, तुला फावड्याबिगर काय येतं?" काका हसले. सर्किट जागेवर ठेवून त्यांनी डावं बटण दाबलं.

बारीक लाल ठिपका पेटला.

"लाल!" काका ओरडले.

इंजिनावरची रीत होती ती. सिग्नल दिसला की फायरमनने मोठ्याने सांगायचं, ड्रायव्हरने तोच शब्द परत म्हणायचा. तो म्हणेपर्यंत हात आहे तिथं ठेवायचा. काका थांबले. बोट बटणावर तसंच, कान उत्तराकडे.

बुद्धप्रियाला आधी काही उमगलं नाही. मग दिसलं. सर्किट उलट्या तोंडाने ठेवलं होतं. उजवं डावीकडे आलं होतं.

"काका, हात काढा!"

लाल ठिपका विझला. तिने दुसरं बटण दाबलं. "लाल!" काकांचा आवाज. मग नुसती पंख्याची घरघर, खूप वेळ. शेवटी तिचंच ओरडणं. बाकी काही नाही.

काका खुर्चीत बसले. "मीच पुसला की गं त्याला."

"कशाला वरडलीस?" तिची आई मुक्ताबाई पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "वाजली का?"

त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, सर्किटाकडे पाहिलं.

"गेली?"

"वैनी, मी..."

"तुमी दोगं इंजिनावर असायचा, भावजी. ऐकायला मी होते." त्या टेबलाशी आल्या. "ह्ये सिग्नलापाशी आले की एक लांब, दोन तोकड्या. आलो, भाकरीला तवा ठेव म्हणून. क्वार्टरातल्या बाया लई हसायच्या मला." त्यांनी पळी खाली ठेवली. "कुटलं दाबायचं?"

"आई, तुला जमणार..."

"दाब म्हणते न्हवं."

बुद्धप्रियाने बटण दाबलं. लाल ठिपका पेटला; काका या वेळी गप्प राहिले. मुक्ताबाईंनी डोळे मिटून ओठांचा चंबू केला. आईला शिट्टी येते हे बुद्धप्रियाला आजवर ठाऊक नव्हतं. लांब निघाली. एक तोकडी निघाली. दुसरीला श्वास तुटला, नुसती हवा गेली.

"परत घेऊ या?"

"ऱ्हाऊ दे. शेवटची त्यांचीबी तुटायची. वाफ कमी पडली की."

पळी उचलून त्या आत गेल्या.

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बुद्धप्रियाने सर्किट सरळ केलं, आणि डावं बटण दाबलं. शिट्टी वाजली, शेवटाला तुटली.

आत शेगडीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.