लोरिनच्या वतीने

"तत्त्व बदललेलं नाही, सिस्टर स्टॉडर्ड. तत्त्व कधीच बदलत नसतं. बदललं ते फक्त धोरण."

बिशप डॉयल जॉर्गेन्सनने हे वाक्य आर्व्हिला स्टॉडर्डच्या स्वयंपाकघरात, जर्दाळूंच्या टोपलीशेजारी उभे राहून उच्चारले. पाठांतर न चुकलेल्या विद्यार्थ्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर होते. या चर्चमध्ये बिशप म्हणजे गावातलाच एखादा घरसंसारी माणूस, आणि सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. विधानाची बांधणी निर्दोष होती. अडचण एवढीच, की १९४९ साली याच चर्चच्या सर्वोच्च नेत्यांनी नेमके उलट लिहून दिले होते: इतर सगळ्या मुलग्या-पुरुषांना मिळणारे याजकपद काळ्या वंशाच्या पुरुषाला न देणे हे धोरण नव्हेच, ती प्रत्यक्ष प्रभूची आज्ञा आहे. त्याहून मोठी अडचण अशी, की चर्चच्या पहिल्या पिढीत काही काळ्या पुरुषांना हेच याजकपद रीतसर मिळालेले होते. म्हणजे आधी दिले, मग नाकारले, आणि १९७८ च्या जूनमध्ये साक्षात्कार झाला म्हणून पुन्हा दिले. जे कधीच बदलत नाही ते दोनदा बदलले होते, आणि काहीच बदलले नाही हे सांगत दारोदार फिरण्याचे काम गावोगावच्या डॉयलांच्या वाट्याला आले होते.

आर्व्हिलाने हातातली सुरी खाली ठेवली नाही. "बस की, बिशप. संडे स्कूलमध्ये तुझं नाक मी पुसलंय. माझ्यासमोर उभ्यानं कसलं प्रवचन देतोस?"

डॉयल बसला. "तीन वर्षं झाली, सिस्टर. आता सगळ्यांना सगळं खुलं आहे. तुमच्या लोरिनचंही करता येईल, तो गेला असला तरी. तुम्ही फक्त हो म्हणा. त्याच्या वतीनं कुणीतरी चर्चच्या मंदिरात उभं राहील, त्याला याजकपद मिळेल, राहिलेले विधी होतील. एका सकाळचं काम."

"एका सकाळचं." तिने जर्दाळू चिरून आठळी काढली. "आणि पंधरा वर्षांपूर्वी त्याचं जे केलंत, तेही एका सकाळचंच होतं."

हे गाव मृतांची फार काळजी घेते. इथल्या बायका फळे बाटल्यांत भरतात तितक्याच नेमाने पूर्वज शोधतात. नाव सापडले, की कुणी जिवंत माणूस त्याच्या वतीने बाप्तिस्मा घेतो आणि परलोकात त्या जीवापुढे दार उघडते. १९६६ च्या वसंतात आर्व्हिला याच कामासाठी बसने नॉर्थ कॅरोलायनाला आपल्या आईच्या मावशीकडे गेली. म्हातारीने ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून आठ पिढ्या घडाघडा सांगितल्या, आणि मध्येच म्हणाली, "अगं, माझ्या आजीची आई मळ्यावरची गुलाम होती. दिसायला गोरीपान, पण होती काळ्यांतलीच. तुला कुणी बोललं नाही कधी?"

आर्व्हिला मेलेल्यांना तारायला गेली होती. परतीच्या बसमध्ये तिला कळून चुकले, की आपण आपला जिवंत मुलगा बुडवून परत चाललो आहोत. काळ्या रक्ताचा एक थेंब पुरे, असा नियम होता.

नवरा, एल्मो, म्हणाला, "म्हातारीची बडबड ती. गप्प बस ना!" दुसऱ्या एखाद्या गावातल्या, दुसऱ्या एखाद्या धर्माच्या बाईने हा सल्ला ऐकला असता. आर्व्हिला दुसऱ्या दिवशी बिशपकडे गेली. कारण देवाच्या घरात खोटेपणाने वावरायचे नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते, आणि शिकवणाऱ्यांचा तिच्यावर एवढा परिणाम झाला असेल याची त्यांनाही कल्पना नव्हती.

बिशप तेव्हा डॉयलचे वडील होते. व्हर्ल जॉर्गेन्सन, टर्की पक्षी पाळणारे, सात शेडांचे मालक. जन्मापूर्वीच्या जगात युद्ध झाले तेव्हा जे आत्मे कच खाऊन बसले ते काळ्या कातडीत जन्माला आले, हे त्यांनी रविवारच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. आता ते कुणी शिकवत नाही. शिकवले होते असेही कुणी म्हणत नाही. चर्चच्या वरिष्ठांकडे प्रकरण पाठवण्याची सोय होती. व्हर्लनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या सकाळी मायलेकांना बोलावून ते म्हणाले, "मी गुडघ्यावर बसून प्रभूला विचारलं. उत्तर आलं. अगदी स्पष्ट आलं. माझ्या हातात काही नाही, बेटा."

लोरिन एकोणीस वर्षांचा होता. त्या काळात परदेशातल्या युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती चालू होती, त्यामुळे प्रत्येक मंडळीला वर्षाला दोनच मुले मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, पाठवता येत, आणि मिशनवर गेलेल्याला सैन्यात नेत नसत. दोघांत लोरिनचे नाव होते; मिशनला याजकपद लागे, म्हणून ते काढले गेले. आर्व्हिलाचाही मंदिरातला प्रवेश थांबला. रविवारी जो पोरगा पुढे उभा राहून प्रभुभोजनाच्या भाकरीवर आशीर्वाद म्हणायचा, तो आईशेजारी बाकावर बसू लागला. ताट समोर आले की परक्याच्या पानातले उचलावे तसा दोन बोटांनी तुकडा घ्यायचा. खायची मुभा होती, द्यायची नव्हती. जानेवारीत सैन्याचे बोलावणे आले. पुढच्या हिवाळ्यात शवपेटी आली, आणि ती उघडू नये असे बरोबरच्या अधिकाऱ्याने सांगितले.

"मी तेव्हा डेन्मार्कला मिशनवर होतो," डॉयल हळूच म्हणाला. "दफनाला येता आलं नाही."

"ठाऊक आहे. तुझ्या आईनं दफनानंतरच्या जेवणाला जिलेटीनचा हिरवा गोड गोळा पाठवला होता. मोठा."

डॉयलने टोपलीतला एक जर्दाळू उचलला आणि पुन्हा ठेवला. "सिस्टर, अजून एक सांगायचं होतं. लोरिनच्या वतीनं माझे वडील उभे राहणार म्हणतायत. डॉक्टर नको म्हणतात, नळी लावून श्वास चाललाय त्यांचा. पण हट्टच धरलाय. म्हणतात, मीच उभा राहणार, दुसरा कुणी नको."

सुरी थांबली.

"का?"

"प्रेमानं. दुसरं काय असणार?"

तीन वर्षे ती हो म्हणत नव्हती, याला गावात नाव होते: सिस्टर स्टॉडर्डचा ताठा. ताठा मुळीच नव्हता. टर्कीच्या कारखान्यात ती दिवसभर सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून उरलेली पिसे उपटायची. आता सगळीकडे पांढऱ्याच टर्की पाळतात, कातडीत काळे ठिपके राहत नाहीत म्हणून. तिथे उभ्या उभ्या तिने तो हिशोब हजारदा मांडला होता. विधी न झाल्यास लोरिन परलोकात दाराबाहेर राहणार, यावर तिचा श्वासाइतका विश्वास होता. पण हो म्हणायचे तर कोणत्या देवाला म्हणायचे? १९६६ साली देवाने खरोखर नाही म्हटले असेल, तर तिच्या पोराला देवानेच झिडकारले, आणि बारा वर्षांनी मन बदलले; पोराला तेवढी उसंत नव्हती. आणि देवाने काहीच म्हटले नसेल, तर तिने पोटचा पोर कुणा माणसाच्या शब्दावर देऊन टाकला. पहिले खरे असेल तर प्रार्थना कुणाला करायची, आणि दुसरे खरे असेल तर आरशात कसे बघायचे? मधली जागाच नव्हती. "धोरण" हा शब्द ज्यांनी शोधला, त्यांनी तो स्वतःपुरती मधली जागा म्हणून शोधला होता. तिथे आईला बसायला कोपरा ठेवलेला नव्हता.

तिने हात धुतले. "चल. त्यांनाच विचारते."

"आत्ता? सिस्टर, त्यांना त्रास—"

"मला पंधरा वर्षं होतोय. त्यांना दहा मिनिटं होऊ दे."

व्हर्ल पडवीत बसले होते, पायांवर पांघरूण, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी. समोरच्या पाटाला पाणी आले होते आणि शेजाऱ्याचे खोरे वाजत होते. तिला पाहून ते उठू लागले.

"बसा, ब्रदर जॉर्गेन्सन. माझ्यासाठी कशाला उठताय? लोरिनसाठी उठणार आहात ना म्हणे?"

"आर्व्हिला." त्यांनी दम घेतला. "एवढं करू दे मला."

"करा. माझं एकच विचारायचं आहे. डॉयल म्हणतो ते धोरण होतं. तुम्ही तेव्हा म्हणालात प्रभूचं उत्तर होतं. दोघं बापलेक बिशप, दोघंही खरं बोलणारे. मग मी कुणाचं धरू?"

"डॅड, उत्तर देण्याची काही गरज नाही," डॉयल म्हणाला. "सिस्टर, हे जुनं झालं. आता प्रकाश आलाय ना? प्रभू त्याच्या वेळेनुसार—"

"तू गप्प रे!" म्हातारा म्हणाला.



आर्व्हिला पायरीवर बसली. तिचा आवाज आता खाली आला होता, जवळजवळ विनवणीचा. "मी भांडायला नाही आले. देव नाही म्हणाला असेल तर तसं सांगा. मी सोसीन. त्याच्याशी माझं मी बघून घेईन. पण त्यानं काय शब्द वापरले ते मला सांगा. माझ्या लोरिनबद्दल तो काय म्हणाला? आई आहे मी, मला कळायला नको? तो रागात होता का? त्याला वाईट वाटलं का? काहीतरी बोलला असेल ना!"

टाकीतून हवा सुटत राहिली. व्हर्लनी नाकातली नळी काढून मांडीवर ठेवली. डॉयल ती पुन्हा लावायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला. मुलाकडे एकदा बघून घेतले, आणि मग तिच्याकडे.

"मी गुडघे टेकलेच नव्हते, आर्व्हिला. वर कुणाला कळवलंही नाही. त्या वर्षी दोनच जागा होत्या आणि माझा डॉयल तिसरा होता. तू सांगायला आलीस, आणि मला हायसं वाटलं."