बाजेवरचा अंतराळवीर

लाज वाटायला पाहिजे या माणसाला! आठ महिने झाले, माझ्यावरून उठायचं नाव न्हाई. चहा बाजेवर, भाकर बाजेवर, डुलकीबी बाजेवरच.

मित्रांनो, मी शिरड शहापूरची जुनी बाज. बाभळीचे चार पाय, अंबाडीचा सुंभ अन् कुरकुरायची सवय. ज्याची तक्रार करून राहिले, त्या जलालुद्दीननंच मला घडवलं. बाज विणावी तर त्यानंच, असं लोक म्हणायचे. माझ्यावर बाळंतिणी निजल्या, तीन लेकींना हळद लागली, मिरच्या वाळल्या. मी कधी मोडले न्हाई.

मग जलालला साखरेचा आजार झाला. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा, रोज चाला. घरच्यांनी अर्धंच ऐकलं. आजारी माणसाला आराम पाहिजे म्हणून त्याला आणून बसवलं माझ्यावर. गोळ्या खाऊनबी साखर चढतच गेली. "महिनाभर बघू. न्हाई उतरली तर इन्सुलिनची सुई सुरू करू," डॉक्टर बोलले. सुई म्हटलं की जलालचा चेहराच उतरतो.

एका सकाळी नात आयेशा शाळेतलं भाषण पाठ करून राहिली होती. "अंतराळात पायांवर शरीराचे वजन पडत नाही. स्नायूंना काम उरत नाही, म्हणून ते साखर नीट घेत नाहीत. इन्सुलिन दार ठोठावते, पण आतून कोणी लवकर उघडत नाही. म्हणून अंतराळवीर रोज दोन तास पट्टे बांधून व्यायाम करतात." पुढचं ऐकून तर मी फुगलेच. हे जमिनीवर तपासायला शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना कित्येक दिवस खाटेवर निजवून ठेवतात म्हणे! आमच्याशिवाय शास्त्राचंबी चालत न्हाई, बघा.

जलालची बायको फातिमाबी पिठाच्या हातानं बाहेर आली. "म्हंजे हे आठ महिने आभाळात, अन् भाकर पोचवून राहिले मी?"

"मला तकलीफ हाय," जलाल म्हणाला.

"तकलीफ मला हाय. तुमी तर नुसते तरंगून राहिले!"

दुसऱ्या दिवशी पहाटे जलाल तोंड धुवायला गेला, तेवढ्यात फातिमाबीनं माझ्या पायथ्याची गाठ गुपचूप सैल केली. जलाल येऊन बसला तो थेट जमिनीला टेकला. आयेशानं सुंभ ओढून बघितला, पोरीला जमंना. "सरक तिकडं!" म्हणत म्हातारा उठला. चौकटीला पाय लावून ओढ ओढ ओढलं. घामाघूम झाला, पण मला कशी ताठ केली! पुढच्या पहाटे गाठ परत सैल. चौथ्या दिवशी वैतागून तो पायी बाजारात गेला, नवा सुंभ आणला. तोबी सैल! मग काय, रोज सकाळी विणकाम अन् संध्याकाळी दुकानदाराशी भांडायला गावाच्या त्या टोकापर्यंत पायपीट. दुकानदार बिचारा बिनसाखरेचा चहा पाजून वाटेला लावायचा.

महिन्यानं आयेशा आजोबाच्या पुढं उड्या मारतच दवाखान्यातून आली. साखर उतरली! गोळ्या चालू ठेवायच्या, सुई सध्या नको. "चाचा, केलं काय?" डॉक्टरनं विचारलं, तर हा म्हणतो, "काय न्हाई, सुंभ खराब निघाला." फातिमाबीनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात जलाल हुश्श करून माझ्यावर बसला अन् आत बघून ओरडला, "चहा आणा!"

मित्रांनो, तेव्हा मी अशी कुरकुरले की गल्लीला ऐकू गेलं:

"जलाल, माझा सुंभ बराबर हाय. सैल तू पडला होतास. चहा चुलीपाशी ठेवलाय. ऊठ!"