काट्याची चूक

ताई इंजिनियर झाली तेव्हा बाबा म्हणाले, "चला, सुटलीस एकदाची." धाकट्याला मात्र मेडिकलला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून तो 'डॉक्टर' झाला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! मामांनी दुखरा खांदा पुढे केला, शेजारीण जीभ दाखवून गेली. ताई चार वर्षांत शिकून नोकरीलाही लागली, याची अजून अडीच वर्षं बाकी होती. पण बाबांच्या तोंडी सदा डॉक्टर. ताईचा नुसता जळफळाट व्हायचा.

कारखान्यात दाब मोजणाऱ्या यंत्रांचे काटे तपासून शिक्का मारणं हे तिचं काम. धाकट्याने कुणाचंतरी जुनं काट्याचं बीपीचं यंत्र आणलं, त्याच संध्याकाळी तिला सवयीने दिसलं की पट्टा गुंडाळायच्या आधीच काटा वीसवर उभा आहे.

"डॉक्टर, किती?" बाबांनी कौतुकाने विचारलं.

"एकशे साठ. उद्यापासून बीपीची गोळी एकाऐवजी दीड घ्या."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ताईने तोंडाला कुलूप घातलं. नेऊ दे हे आकडे कॉलेजातल्या सरांना दाखवायला, पडू दे एकदा तोंडघशी, मग बाबांना कळेल घरात खरं शिकलंय कोण. रोज ती समोर बसून काटा बघायची आणि मनातल्या मनात वीस वजा करायची. असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी बाबा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. मनगट मोडलं. दवाखान्यात नर्सने बीपी मोजलं तर ते फारच खाली गेलेलं. धाकटा धावत घरी गेला आणि यंत्र घेऊन आला. खाटेवर ठेवून बघतो तर काटा वीसवर.

"मी आधी शून्य बघितलंच नाही, बाबा. चूक माझी," तो रडवेला झाला. मग ताईकडे वळला. "पण तू तर रोज हेच काम करतेस ना गं? तुझ्याही लक्षात नाही आलं?"

बाबाही तिच्याकडे बघू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

"नाही," ताई म्हणाली.

बाबांनी प्लास्टरचा हात सावरला आणि दुसऱ्या हाताने धाकट्याची पाठ थोपटली.

"तिला कशाला विचारतोस, डॉक्टर? तिला कुठे त्यातलं कळतंय."