चार अक्षरं

“काकी, हितं सही करा,” धर्माजी म्हणाला. “मग लगेच आत घेत्यात त्याला.”

सरूबाई चाकणच्या त्या दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती. शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण अजून तिच्या बोटातच होतं. मुलाला लागल्याचा निरोप आला तेव्हा ती पैठणीला फॉल लावत होती. साडी तशीच अर्धवट टाकून ती शेजाऱ्याच्या जीपमध्ये बसली होती, आणि आपल्या कळंब गावापासून इथवरच्या वाटेत ते टोपण काढायचं काही तिला सुचलं नव्हतं.

कागद इंग्रजीत होता. शाळा चौथीपर्यंतची, मराठी वाचता येई, सही येई. तरी कोऱ्या कागदाकडे पाहावं तसं पाहणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं ओळीवरून नजर फिरवली आणि एका शब्दापाशी ती थांबली.

“हितं फॉल कशापायी लिवलंय?”

धर्माजी चपापला. “तुमाला वाचता येतं व्हय?”

“एवढंच येतं. फॉलच्या पुड्यावर छापल्यालं असतंय.”

तीस वर्षं ती मंचरच्या माणिकचंद शेठच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावत होती. पुड्यावरची ती चार अक्षरं तिला तोंडओळखीच्या माणसासारखी झाली होती. शेवटच्या दोन काठ्या पायाशी वाकलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या.

“फॉल म्हंजे पडनं,” धर्माजी म्हणाला. “इंग्रजीत पडन्याला फॉलच म्हनत्यात. पोरगं पडलं, तेच लिवलंय. करा, काकी. येळ जातोय.”

सूरज पडला होता हे तर खरंच होतं. सगळ्या कागदात तिला येणारा एकच शब्द, आणि तो खरा निघाला. मग बाकीचेही खरेच असणार. तिनं सही केली.

सूरज तिचा एकुलता एक. बाप लवकर गेला, दीड एकर कोरडवाहू चुलत्यांच्या वाटणीत गेलं, आणि बारावी होऊन सूरज धर्माजीच्या हाताखाली कामाला लागला. धर्माजी गावातलाच, सूरजपेक्षा तीन वर्षांनी मोठा. लहानपणी तिच्याच घरी भाकरी खाऊन शाळेत गेलेला. आता चाकण-राजगुरुनगरकडची कामं घेणारा ठेकेदार. मंगल कार्यालयं, हॉटेलं, शोरूम यांच्या छताला पांढरेशुभ्र तक्ते बसवायचं काम. सगळे त्याला ‘फॉल सीलिंग’ म्हणत. पहिल्या दिवशी कामावरून आला तेव्हा सूरज हसून म्हणाला होता, “आई, तू खाली फॉल लावती, मी वर लावतो.” तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. शेजारणींना ती सांगत सुटली होती.

सोळा फुटांवर परांचीची फळी सरकली. खाली फरशी होती.

जीव वाचला. कमरेखालचं गेलं.

दीड महिन्यानं त्याला घरी आणला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. सून हर्षाली सकाळी कांद्याच्या वखारीत निवडायला जाई, तेव्हा कूस बदलायचं काम सरूबाईकडे. शिवताना तिची अर्धी नजर साडीवर आणि अर्धी घड्याळावर असे. धर्माजी महिन्याच्या महिन्याला येऊन हर्षालीच्या हातात पैशांचं पाकीट देई, सूरजच्या उशाशी घटकाभर बसे. गाव म्हणे, धर्माजी देवमाणूस. सरूबाईही म्हणे.

फेब्रुवारीत अपंगाचा दाखला काढायचं ठरलं. त्यासाठी दवाखान्याचे कोणते कागद लागतात ते कळेना, म्हणून तयार साड्यांच्या गाठोड्याबरोबर ती फाइलही मंचरला घेऊन गेली. माणिकचंद शेठची सून रिंकू शिकलेली होती. लग्नसराईची गर्दी ओसरल्यावर तिनं गल्ल्याशेजारी बसून फाइल उघडली.

“सरूमावशी, सूरज घरी पडला होता का?”

“न्हाई वो. कामावर. चाकणला.”

“इथं तसं नाही लिहिलेलं.” रिंकूनं बोट ठेवलं. “घरच्या जिन्यावरून पडला, असं आहे.”

“कुनाच्या घरच्या?”

“तुमच्या.”

सरूबाई कागदाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “रिंकूताई, आमचं घर पत्र्याचं हाय. एक खोली आन पडवी. आमाला जिना न्हाई.”

रिंकूनं पुन्हा वाचलं, पान उलटून पाहिलं. खाली सरूबाईची सही होती.

“मी इचारलं व्हतं,” सरूबाई म्हणाली. “फॉल का लिवलंय म्हनून इचारलं व्हतं मी. धर्मा म्हनला, फॉल म्हंजे पडनं.”

“ते बरोबर आहे मावशी. पण कुठून पडला ते पुढच्या शब्दांत असतं.”

“आन मग साडीचा फॉल?”

“तोही तोच शब्द. निऱ्या नीट खाली पडाव्यात, झोकात उतराव्यात, म्हणून आतून पट्टी लावायची. म्हणून फॉल.” रिंकूनं मोबाइल काढून नणंदेनं अमेरिकेहून पाठवलेला फोटो दाखवला. लाल-पिवळ्या पानांचा सडा पडलेला रस्ता. “तिकडे पानगळीलाही फॉल म्हणतात. पावसाळ्यात लोक माळशेजला जातात ना, तो वॉटरफॉलही त्यातलाच. वरून खाली येणारं सगळं फॉल.”

“सूरजच्या कामाचं बी फॉलच हाय की.”

रिंकू जरा अडखळली. “ते फॉल नाही, मावशी. लोक तसं म्हणतात. खरा शब्द फॉल्स. म्हणजे खोटं. वरचं खरं छत दिसू नये म्हणून खाली लावलेलं खोटं छत.”

सरूबाईनं गाठोड्यातल्या साडीचा काठ उलटून फॉलवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तीस वरसं हातात घेतलं, आन कुनी सांगितलं न्हाई.”

माणिकचंद शेठ गादीवरून ऐकत होते. “सरूबाई, माझं ऐका. या भानगडीत पडू नका. त्याच गावात राहायचंय तुम्हाला.”

रिंकूनं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. तिनं कोरा कागद ओढला आणि नुकसानभरपाईसाठी कामगार कार्यालयाच्या नावानं अर्ज लिहायला घेतला.

संध्याकाळी सरूबाईनं सूरजला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो भडकेल. तो भिंतीकडे बघत राहिला.

“मला ठाव व्हतं, आई.”

“काय ठाव व्हतं?”

“जिन्याचं. धर्मानं गाडीतच सांगितलं. म्हनला, साइटवर पडला असं लिवलं तर पोलीस येत्यात, मालक काम काढून घेतो, धा पोरं घरी बसत्यात. मी बघतो तुझं सगळं. मी मान हलवली.”

“आन सही माझी घेतली.”

“नातेवाइकाची लागती.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगून काय व्हनार व्हतं?” तो म्हणाला. “तू थोडीच वाचनार व्हतीस.”

तो चिडून बोलला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. ती उठून पडवीत गेली. हर्षाली भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही. तिलाही ठाऊक होतं, हे सरूबाईला तेव्हा कळलं. घरात तिघं मोठी माणसं, आणि त्या घराला जिना असल्याचं एकटीलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज पोस्टात टाकला.

चौकशीचे साहेब एप्रिलमध्ये आले. तरणाताठा माणूस, घामाघूम झालेला. त्यांच्या मागोमाग धर्माजीही आला. त्याला कुणी कळवलं हे सरूबाईनं विचारलं नाही. साहेबांनी पाणी घेतलं, खोली पाहिली, पडवी पाहिली.

“जिना कुठे आहे, बाई?”

“तुमीच हुडका.”

दारातून धर्माजी म्हणाला, “शिडी व्हती, सायेब. पत्रा बदलत व्हता, तवा घसरला. दवाखान्यात घाईघाईत जिना लिवलं.”

साहेब खाटेपाशी बसले. “सूरज, तू सांग. कुठे पडलास?”

सूरजनं हर्षालीकडे पाहिलं. ती चार वर्षांच्या लेकीच्या, आरोहीच्या, केसांतला गुंता काढत होती. तिचा हात थांबला, पण तिनं वर पाहिलं नाही.

“घरीच,” सूरज म्हणाला. “शिडीवरून.”

साहेबांनी लिहून घेतलं आणि कागद सरूबाईपुढे धरला. “अर्ज तुमचा होता. इथं सही करा.”

“वाचून दाखवा.”

“मराठीतच आहे की.”

“तरी वाचा. समदं.”

साहेबांनी वाचलं. मध्ये दोन ठिकाणी तिनं त्यांना थांबवून पुन्हा वाचायला लावलं. धर्माजी दारात उभा राहून मोबाइल बघत होता.

“सही करते,” ती शेवटी म्हणाली. “पर त्याच्या खाली माझं लिवीन.”

“असं नसतं, बाई.”

“मग सही न्हाई.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पेन पुढे केला. सरूबाईनं कागद गुडघ्यावर घेतला. लिहायची सवय नव्हती, अक्षरं मोठी झाली, ओळ तिरकी गेली. ‘माझा मुलगा सूरज चाकणला कामावर परांचीवरून पडला. आमच्या घराला जिना नाही. शिडी पण नाही. हे मी लिहिले आहे.’ खाली तिनं पूर्ण नाव घातलं, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट.

साहेबांनी तो कागद न वाचताच फायलीत ठेवला. “जखमी माणसाचा जबाब महत्त्वाचा असतो,” ते जाताना म्हणाले. “यानं काही फरक पडणार नाही.”

फरक पडला नाही. मे महिन्यात पत्र आलं: तक्रार निकाली. साहेब येऊन गेल्यापासून पाकीटही बंद झालं होतं. धर्माजी रस्त्यात दिसला तर गाडी वळवून घेई. हर्षाली ताट वाढून ठेवी, बोलत नसे. सरूबाईनं लेकाला-सुनेला दोष दिला नाही आणि त्यांची माफीही मागितली नाही.

पत्र आलं त्या दुपारी तिनं ते स्वतः वाचलं, घडी करून फळीवर ठेवलं.

“काय लिवलंय?” सूरजनं विचारलं.

“तू सांगितलं तेच.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. घड्याळात दोन वाजत होते. सरूबाईनं खाटेवर एक गुडघा टेकला, त्याच्या पाठीखाली दोन्ही हात घातले, दम धरला, आणि त्याला भिंतीकडून उचलून आपल्याकडे वळवला.