उस्तादाचा ठिपका

हिंगणा रोडवरच्या जितेंद्रच्या गॅरेजात जुनी गाडी आली की तो आधी तिच्याभोवती एक चक्कर मारी, बोनेटवर थाप देई आणि मग समोरच्या चहाटपरीवर ऐकू जाईल अशा आवाजात आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करी. हा त्याचा नेमच होता. गिऱ्हाइकांनाही तो आवडे, कारण आधीचा मिस्त्री गाढव ठरला की आपण योग्य दारी आलो असं माणसाला बरं वाटतं. पण त्या मंगळवारी ट्रकच्या फळीवरून लाल रंगाची, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी विलायती गाडी खाली उतरली, आणि जितेंद्रने ना चक्कर मारली ना थाप. तो नुसता उभा राहिला.

गाडीबरोबर पियूष नावाचा तरुण आला होता. गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी भैय्याजी, त्यांचा हा नातू. भैय्याजी मागच्या वर्षी वारले. गोदाम आवरताना कापडाच्या गठ्ठ्यांमागे ही गाडी निघाली, आणि एका पेटीत तिचं मूळचं पेट्रोल इंजिन.

"काका, आजोबांनी पार्ट मिळत नाहीत म्हणून हिच्यात अँबेसेडरचं डिझेल इंजिन टाकून घेतलं होतं," पियूष म्हणाला. "ते आम्ही काढून ठेवलं. पण त्याचं फाउंडेशन चेसिसला वेल्ड केलेलं आहे. ते तेवढं साफ कापून द्या, म्हणजे पहिलं इंजिन बसवता येईल."

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांच्यावर टेकतं त्या गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन जाड लोखंडी पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. जितेंद्रला सांगायची गरज नव्हती. त्यातली एक त्याच्याच हातची होती.

"आणि कापताना व्हिडिओ काढा," पियूष पुढे म्हणाला. "आजोबा मरेपर्यंत लंगडत चालले. कोणत्या वेल्डिंगनं त्यांचा पाय नेला, ते मले एकदा पाहाचं आहे."

व्हिडिओ जितेंद्रची मुलगी मेघाच काढायची. इंजिनियर झालेली पोर, बुटीबोरीची नोकरी सोडून बापाच्या गॅरेजात आली होती आणि तिच्या व्हिडिओंमुळे पार इंदूरहून गाड्या यायला लागल्या होत्या. तिने फोन समोर धरला आणि नेहमीसारखं विचारलं, "बाबा, हे काम कोणाचं?"

आता खरं तर इथे गप्प बसता आलं असतं. ग्राइंडर सुरू करता आला असता. पण तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलेल्या माणसाची जीभ त्याला विचारत नाही.

"रामाजी म्हणून होते, माझे उस्ताद," जितेंद्र फोनकडे बघून म्हणाला. "माणूस लय मोठा. पण शेवटी शेवटी नजर गेली, हात थरथराले लागला. त्यातलं हे काम."

बोलून झालं आणि त्याचे कान तापले. मेघाने अंगठा वर करून दाखवला.

खरी हकिकत अशी होती. रामाजींच्या वर्कशॉपात एक रीत होती: वेल्डिंग झालं की करणाऱ्याने पंचाने पट्टीवर आपली खूण ठोकायची. पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळा, हातोडीचा एक घाव घातला की लोखंडात बारीक ठिपका पडतो. रामाजींचा एक ठिपका, दुसऱ्या नंबरच्या मिस्त्रीचे दोन, जितेंद्रचे तीन. काम उद्या परत आलं तर कोणाला विचारायचं ते कळावं, एवढंच त्यामागे होतं. लपवायला जागा नको, म्हणायचे रामाजी.

ही गाडी आली तेव्हा जितेंद्र चोवीस वर्षांचा होता. डावी पट्टी रामाजींनी स्वतः जोडली आणि दुपारी कोणाच्या तरी मातीला निघाले. जाताना म्हणाले, उजव्या बाजूचा पेंट तेवढा घासून ठेव, पेंटवर वेल्डिंग धरत नाही, जोडीन मीच येऊन. विलायती गाडीवर आपलाही हात दिसावा अशी त्या वयात खाज असतेच. जितेंद्रने घासायचा कंटाळा केला, पेंटवरच रॉड चालवला, वरून टाके असे देखणे काढले की पाहत राहावं, तीन ठिपके ठोकले आणि वरून रंगाचा हात फिरवला. संध्याकाळी रामाजी आले. टाके बघून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची ऊब त्याला पुढे कित्येक वर्षं नकोशी झाली.

तीन महिन्यांनी काटोल रोडवर एका पुलाजवळ ती पट्टी सुटली. इंजिन कलंडून स्टिअरिंगच्या दांड्यावर बसलं, गाडी खाली गेली आणि भैय्याजींचा पाय मोडला. बातमी ऐकताच जितेंद्र बुटीबोरीला बहिणीकडे पळाला. ताप आला म्हणून सांगितलं आणि आठ दिवस गोधडीत तोंड खुपसून पडला. परत आला तोवर सगळं उरकलं होतं. मोडकी गाडी वर्कशॉपात ओढून आणली होती, आणि भैय्याजींच्या माणसांनी येऊन विचारलं होतं, हात कोणाचा? आणि रामाजी म्हणाले होते, माझा. सुटलेल्या पट्टीवर दुसऱ्या कोणीतरी लोखंडाचं ठिगळ मारलं आणि गाडी गोदामात नेऊन ठेवली.

रामाजींनी जितेंद्रला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्याने सांगितलंही असतं. निदान स्वतःची तशी समजूत त्याने घातली होती. वर्षभरात गिऱ्हाईक आटलं, रामाजींनी शटर ओढलं आणि ते काटोलला लेकीकडे राहायला गेले. जितेंद्रने स्वतःचं गॅरेज काढलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, तू त्या रामाजीचाच चेला ना? त्यावर हा पठ्ठ्या म्हणाला, हो, पण त्यांचा हात थरथरत होता, माझा नाही. चोरून पळणं एक वेळ भित्रेपणा म्हणून सोडून देता येईल. हे मात्र त्याने शुद्धीवर असताना, समोरच्याच्या डोळ्यात बघून केलं. आणि गिऱ्हाईक मिळालं.

त्यामुळे आता त्याला एकच धास्ती होती. ठिगळाखाली ते तीन ठिपके असणार. पोरगी फोन घेऊन उभी, आणि ठिपक्यांची रीत तर त्यानेच तिला कौतुकाने सांगितलेली.

"मी एकटाच कापतो, तू जाय," तो म्हणाला.

"काहून? पियूषनं व्हिडिओ मागितला आहे ना," मेघा हलली नाही.

त्याने डावीकडून सुरुवात केली. रामाजींचं वेल्डिंग. ग्राइंडरची एक चकती झिजली, दुसरी झिजली, तिसरी लावली. ठिणग्या उडत होत्या आणि पट्टी चेसिस सोडत नव्हती. दोन तास गेले. कापलेला काठ मेघाने निरखून पाहिला. आतपर्यंत एकजीव लोखंड.

"बाबा, थरथरता हात असा असते?" तिने विचारलं. तिच्या आवाजात काही खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

जितेंद्रने उजव्या बाजूचं ठिगळ कापलं. खालची जुनी पट्टी मोकळी झाली. तिला छिन्नी लावून त्याने हातोडीचा एक घाव घातला, आणि ती पापडासारखी उचलून हातात आली. खाली चेसिसवर विलायती लाल पेंट होता तसा होता. साठ वर्षांपूर्वीचा, चकचकीत, कोणी नखसुद्धा न लावलेला.

"घासलंच नव्हतं!" मेघा ओरडली. "बाबा, हा एका माणसाचा हात नाही."

तिने पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि वरची बाजू रॉकेलच्या बोळ्याने पुसली. जितेंद्र भिंतीकडे बघत राहिला. आता ती मोजणार. एक, दोन, तीन.

"एकच ठिपका," मेघा म्हणाली. "दोन्हीवर एकच. म्हणजे रामाजीच होते का?"

त्याने पट्टी घेतली. खरंच एक ठिपका होता, खोल, नेमका. त्याने त्याच्या बाजूला अंगठा फिरवला. तिथे लोखंड चपटं झालं होतं. कोणीतरी हातोडीने तीन खळगे ठोकून ठोकून बुजवले होते, आणि मग शेजारी आपला एक ठोकला होता. तो बुटीबोरीला गोधडीत पडला होता त्या आठ दिवसांत कधीतरी, भैय्याजींची माणसं खूण बघायला यायच्या आधी.

"हो," जितेंद्र म्हणाला. "रामाजीच."

तो वाचला होता. आता त्याला कोणीही धरू शकत नव्हतं. तीस वर्षं ज्याची भीती वाटली ते कधी नव्हतंच, आणि त्याला इतकी लाज वाटली की तो चेसिसवरच बसला.

"तो व्हिडिओ टाकू नको," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मेघा, हे काम माझं आहे वं. उस्तादचं नाही." आणि त्याने तिला सगळं सांगितलं, गोधडीपर्यंत.

मेघाने फोन खिशात टाकला. मग म्हणाली, "तेव्हा तुम्ही भ्याले ते ठीक. पण सकाळी फोनसमोर तुम्ही त्यायचं नाव घेतलं ना. ते तर आज घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टी फडक्यात गुंडाळून काटोलला गेला. पुलाजवळ गाडी हळू करायचीही त्याला हिंमत झाली नाही. रामाजींची लेक प्रेमिला शिवणकाम करायची. तिने दार उघडलं, त्याला ओळखलं आणि या म्हटलं नाही, नुसती बाजूला झाली. अंगणात रामाजी खाटेवर बसून तिची कात्री कानशीने घासत होते. वय एक्याऐंशी. अंग वाळलेलं, पण कानस पात्यावरून सरळ जात होती.

जितेंद्र खाली बसला. भैय्याजींचा नातू गाडी घेऊन आल्याचं त्याने सांगितलं आणि फडकं उघडून पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. त्यापुढचं, वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"उस्ताद, हे माझं काम आहे."

रामाजींनी पट्टी उचलली, ठिपक्यावर बोट फिरवलं. "मले माहीत नाही का? बुजवले कोणं मंग?"

"तुम्ही मले वाचवलं, अन् मी..."

"तुले वाचवाले नाही केलं गा," रामाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "वरचे टाके पाहून मी खुश झालो, खाली नाही पाहिलं. चूक माझी बी होती, म्हणून माझा ठिपका ठोकला. त्याचं मले काही नाही. पण माझा हात थरथरते, असं तू लोकायले काहून सांगितलं? गिऱ्हाईक इथपर्यंत येऊन मले हात दाखवा म्हणत. पोरीदेखत."

जितेंद्रला रडू फुटलं. दारात उभ्या प्रेमिलाने तोंड फिरवलं. तिथे बसलेल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला, ज्याच्या गॅरेजात इंदूरहून गाड्या येत, जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि तसं वाटणं बरोबरच होतं.

रामाजींनी त्याला रडू दिलं. मग ते उठून आत गेले, हातोडी घेऊन आले आणि खाटेवर बसून त्यांनी कानशीने पट्टीवरचा आपला ठिपका घासला. तो पुरता गेला. कमरेला खोचलेला जुना पंच काढून त्यांनी हातोडी जितेंद्रपुढे सरकवली.

"तुझे तीन ठोक. अन् भैय्याजीच्या नातवाले नेऊन दाखव."

पट्टी त्यांनी दगडावर ठेवली आणि पंच स्वतःच्या दोन बोटांत उभा धरला. घाव चुकला तर बोटं फुटणार होती. जितेंद्रने हातोडी उचलली. ती हवेत हलत होती, आणि दुसऱ्या हाताने मनगट धरलं तरी थांबेना. खाली पंच तसूभरही हलत नव्हता.

"ठोक," रामाजी म्हणाले. "माझा हात नाही थरथरत."