सांधा बसला

टेक्निशियनने म्हाताऱ्याच्या उघड्या पोटावर काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी ठेवली, ती सरळ बसली आहे ना ते पाहिलं आणि काचेपलीकडच्या खोलीत येऊन माइकचं बटण दाबलं.

"आजोबा, श्वास सोडा. आता थांबा."

डबी थांबली. छतावरचा कॅमेरा तिच्यावर नजर ठेवून होता. पडद्यावरची हिरवी रेघ इतका वेळ वरखाली होत होती, ती एकदम सपाट झाली. पंधरा सेकंद थांबलं तरी पुरे होतं. वीस झाले, तीस झाले, म्हातारा आपला निवांत. चाळीस सेकंद झाल्यावर टेक्निशियन हसायलाच लागला.

"असे पेशंट मिळाले तर मी रोज वेळेवर जेवेन."

शेजारच्या खुर्चीतल्या फिजिसिस्ट बाई मात्र हसल्या नाहीत. किरण कुठून द्यायचे, किती द्यायचे, कुठे थांबवायचे, हे सगळं गणित त्यांचं. त्यांच्यासमोर एक्स-रेचा पडदा होता आणि त्यावर तीन पांढरे कण दिसत होते. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सुईने म्हाताऱ्याच्या यकृतात, गाठीच्या कडेला रोवलेले ते सोन्याचे कण. यकृत आत कुठे आहे ते त्यांच्यावरूनच कळायचं. पोटावरची डबी जागची हलत नव्हती. कण मात्र सावकाश खाली जात होते आणि वर येत होते.

"परत घे," बाई म्हणाल्या.

परत घेतलं. परत तेच झालं.

म्हातारा सोनार होता. बहात्तर वर्षांचा, अंगाने काटकुळा आणि नाकावर माशी बसू न देणारा. सोन्याचे कण घालायच्या दिवशी टेबलावर आडवा पडल्या पडल्या त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, "जन्मभर लोकांच्या अंगावर सोनं घातलं. माझ्या वाट्याला आलं तर तेही आतून. निदान किती कॅरेटचं आहे तेवढं तरी सांगा." डॉक्टरांनाही सांगता येईना.

आज किरणांची पहिली खेप होती. अशा पाच व्हायच्या होत्या. सकाळी काउंटरवर दर खेपेचा फॉर्म भरताना सोबतच्या व्यक्तीचा व्यवसाय विचारला, तेव्हा सोबत आलेली त्याची मुलगी लिहायच्या आतच म्हातारा म्हणाला, "मदतनीस लिही. हाताखाली असते माझ्या." मुलीने मुकाट्याने मदतनीस लिहिलं. ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली पंचवीस वर्षं त्याच्यासमोर कामाला बसत होती. दुकानातली निम्मी घडाई तिच्या हातची होती. पण शेवटचा सांधा झाळायची, म्हणजे आचेवर जोडायची, वेळ आली की म्हातारा हात पुढे करायचा, "दे इकडे" म्हणायचा आणि तिच्या हातची फुंकणी काढून घ्यायचा. इतक्या वर्षांत त्यात एकदाही खंड पडला नव्हता.

फिजिसिस्ट बाई आत गेल्या.

"आजोबा, तुमचं पोट थांबतंय, पण यकृत थांबत नाहीये. कुठेतरी श्वास चालू आहे."

"माझा?" म्हाताऱ्याने मान उचलली. "बाई, या श्वासावर मी पन्नास वर्षं पोट भरलंय. तुमच्या त्या पडद्यावर रेघ सरळ आली की नाही?"

"रेघ सरळ आली. सोन्याचे कण हलताहेत."

"मग सोनं खोटं असेल."

बाईंना हसू आवरावं लागलं. पण बाहेर येऊन दार लावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बाकावर बसलेल्या मुलीला पडद्याजवळ बोलावलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. जुन्या काविळीने तुमच्या वडिलांच्या यकृताचा मोठा भाग आधीच निकामी केलाय. चांगला आहे तो एवढाच, असं म्हणून त्यांनी पडद्यावर बोटाने एक लहानसा आकार काढला. गाठ त्याला लागूनच आहे. यकृत दोन बोटं जरी सरकलं तरी किरण गाठीवरून घसरून या चांगल्या भागावर पडणार.

"आणि पडले तर?"

"आज काहीच कळणार नाही. किरणांनी दुखावलेलं यकृत लगेच बोलत नाही. दीड-दोन महिन्यांनी पोटात पाणी होतं, डोळे पिवळे होतात. आणि तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरत नाही."

"मग?"

"अजून एकदा बघते. नाही जमलं तर डॉक्टरांना सांगून हे थांबवावं लागेल. औषधं आहेत, गाठीची वाढ जरा लांबेल. पण ती संपवायचा उपाय हाच होता."

टेक्निशियनने पुन्हा बटण दाबून "थांबा" म्हटलं आणि हिरवी रेघ सपाट झाली. मुलीने त्या रेघेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर वडिलांचा चेहरा बघत होती. ते टेबल, ते यंत्र, ते निळं कापड, यातलं काही तिच्या ओळखीचं नव्हतं. गाल मात्र ओळखीचे होते. ते थोडे फुगलेले होते आणि नाकपुड्या हलके हलके हलत होत्या.

"ते फुंकताहेत," ती म्हणाली.

"काय?"

"आम्ही फुंकणीने झाळतो. दिव्याची ज्योत फुंकून सांध्यावर धरायची. फुंक तुटली की सांधा फसला. म्हणून गालात हवा ठेवून फुंकत राहायचं आणि नाकाने गुपचूप श्वास घेत राहायचं. पोट दगडासारखं धरायचं, नाहीतर हात हलतो. तुम्ही 'थांबा' म्हणालात ना, बाबांच्या लेखी न हलता थांबायचं म्हणजे हेच. मुद्दाम नाही करत. त्यांना ठाऊकही नसेल."

टेक्निशियन बाईंकडे बघायला लागला. बाईंनी कपाळ चोळलं.

"म्हणजे पन्नास वर्षांत हा माणूस काम करताना कधी थांबलाच नाही?"

मुलगी शेजारच्या स्टुलावर बसली. तिचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि एक बोट सावकाश गुडघ्यावर पडत होतं, एक, दोन, तीन, अशा बेताने.

"थांबतात," ती म्हणाली. "सांधा बसला की थांबतात. मी लहानपणापासून समोर बसून सांध्यावर लक्ष ठेवते. झाळ, म्हणजे जोडायचा धातू, वितळून सांध्यात शिरली की मी 'बसला' म्हणायचं. मग ते फुंकणी काढतात आणि तापलेल्या सोन्याची लाली उतरेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तेव्हा त्यांचा श्वास अगदी बंद असतो. छातीही हलत नाही." ती जरा ओशाळून हसली. "लहान असताना मला भीती वाटायची, हे परत श्वास घेणारच नाहीत म्हणून. म्हणून मी मोजायचे. अठरापर्यंत जायचं. कधी एकोणीस."

माइकवर बाहेरच्या माणसाने बोलायचं नाही, असं त्या माइकवरच चिकटवलेलं होतं. बाईंनी तो कागद वाचल्यासारखं केलं आणि माइक तिच्यापुढे सरकवला.

मुलीने बटण दाबलं.

"बाबा, मी आहे. फुंकणी घ्या."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. मग गाल फुगले.

"कडी लहान आहे, ज्योत बारीक ठेवा. रंग चढतोय. अजून थोडं. अजून." तिचा आवाज दुकानातला होता, पुटपुटल्यासारखा, कुणाला न ऐकवणारा. "बसला."

म्हाताऱ्याचे ओठ सुटले. उरलीसुरली हवा बाहेर गेली आणि मग काहीच झालं नाही. सोन्याचे तीन कण होते तिथे उभे राहिले. बाई खुर्चीतून अर्धवट उठून पडद्यावर वाकल्या. मुलीचं बोट गुडघ्यावर मोजत होतं. एकोणिसाव्या ठोक्याला कण हलले.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही कण त्याच जागी उभे राहिले, केसाचाही फरक नाही. मग त्यांनी टेक्निशियनला मान हलवून खूण केली आणि यंत्र सुरू झालं.

त्यानंतर ती अकरा वेळा "बसला" म्हणाली. अकराही वेळा किरण आले, गाठीवर पडले आणि गेले. शेवटी बाई खुर्चीत मागे टेकल्या. वीस वर्षं हे काम केलं, पण माझा सगळ्यात चांगला नेम आज दुसऱ्याच कुणीतरी धरला, असं त्या म्हणाल्या. ते बोलणं कौतुकाचं होतं. मुलीने पाण्याची बाटली उघडली.

म्हातारा शर्टाची बटणं लावत बाहेर आला. मुलीसमोर येऊन उभा राहिला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"कधीपासून मोजतेस?"

"दहा वर्षांची होते तेव्हापासून."

"मी श्वास बंद करतो?"

"दर सांध्याला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही फुंकणी काढून घेत होता, बाबा. माझ्याकडे मोजायचंच काम उरायचं."

ती रागाने बोलली नव्हती. पण म्हाताऱ्याचा हात वरच्या बटणावर तसाच राहिला.

काउंटरवर पुढच्या खेपेचा फॉर्म तयार होता. मुलीने सकाळसारखाच भरायला घेतला. सोबतची व्यक्ती, नातं: मुलगी. व्यवसाय: मदतनीस. तिचं लिहून व्हायला आणि शेजारून हात पुढे यायला एकच गाठ पडली.

"दे इकडे."

सवयीने तिने पेन देऊन टाकलं. म्हाताऱ्याने चष्मा वर ढकलला, फॉर्मवर वाकला आणि मदतनीस या शब्दावर एक रेघ मारली. मग त्याच्यावर, अंगठीच्या आतल्या बाजूला नाव कोरतात तेवढ्या बारीक अक्षरांत, वेळ घेऊन लिहिलं: कारागीर.

काउंटरवरच्या बाईला ते वाचता येईना. तिने फॉर्म उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

म्हाताऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग पेन मुलीच्या हातात परत ठेवलं.

"चल," तो म्हणाला. "दुकानातल्या त्या साखळीची शेवटची कडी राहिलीय ना, ती तू झाळ. मी समोर बसतो."